कुटुंबाचा ग्रुप

ओविदिऊने इटलीहून आईला नवा स्मार्टफोन पाठवला आणि मायलेकांची भांडणं सुरू झाली. मारामुरेशच्या डोंगराळ भागातल्या गावात एकटी राहणारी सावेता काही विचारायला गेली की हा तिकडून खेकसायचा, "आई, किती वेळा सांगू? हिरवं दाब आणि बोल! बाकी कशाला हात लावू नकोस, तुझं डोकं नाही चालायचं त्यात!" एकदा चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळता ढवळता तिचा फोन थेट पाद्रीबाबांना लागला, तर हा आठवडाभर सगळ्यांना ते सांगून हसत होता.

सावेताही हट्टाला पेटली. चष्मा नाकावर ओढून, दातओठ खात, ती महिनाभर त्या काचेवर बोट घासत राहिली. अखेर एका सकाळी मुलांनी फोटोंसाठी म्हणून काढलेला घरचा ग्रुप तिने उघडला. फोटो एकही नव्हता. ओविदिऊने बहिणीला लिहिलं होतं, "घराला गिऱ्हाईक मिळालंय, शनिवारी बघायला येतंय. थंडीच्या आधी आईला वृद्धाश्रमात ठेवू. सही काय, सांगू तिथे करेल."

बहिणीने लिहिलं होतं, "अरे, आई आहे ना या ग्रुपवर!"

"असू दे की. तिला कुठे उघडता येतोय!"

सावेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेक अक्षर हुडकत तिने आयुष्यातला पहिला मेसेज लिहिला.



"गिऱ्हाईकाला खुशाल पाठव. कुत्रा मोकळा सोडलाय."