खालचा वारा

टोपलीचा काठ रंभाबाईच्या छातीला लागत होता. पाय ठेवायला बाहेरून दोन खाचा होत्या. तिनं लुगडं वर खोचलं, पहिल्या खाचेत पाय घातला आणि कुणी हात द्यायच्या आत ती टोपलीत उतरलीसुद्धा.

"आजी, भीती वाटत असंल तर आत्ताच सांगा," पायलट म्हणाला. उदयसिंह त्याचं नाव, माळशिरसकडचा. "वर गेल्यावर मधीच उतरता येत न्हाय."

"भीती वाटती की," रंभाबाई म्हणाली. "तुमी चला."

कोंढेवाडीच्या किल्ल्यावर पहिल्यांदाच महोत्सव भरला होता. तिथं राबणाऱ्या कॉलेजच्या पोरींना बलूनमधली एकेक जागा मिळाली होती. त्यांतल्याच ऋतुजानं, रंभाबाईच्या नातीनं, आपली जागा आजीला दिली होती. आजीनं मागितली म्हणून दिली, कशाला ते विचारलं नाही. टोपलीत आणखी दोघी होत्या, सोलापूरच्या शाळेत शिकवणाऱ्या साबेरा मॅडम आणि त्यांची बहीण.

डोक्यावरच्या बर्नरनं जाळ सोडला आणि जमीन खाली सुटली.

दोघी बहिणी तळं दाखवत होत्या, उसाचे फड दाखवत होत्या. रंभाबाईचे डोळे किल्ल्याच्या कोपऱ्यातल्या बुरुजावर होते. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा ज्ञानू त्या बुरुजावरची झुडपं तोडायला रोजावर गेला होता. तिथून तो पडला आणि खुब्यातून मोडला. पायाखालचा दगड उलटला, असं तो सांगत होता. चनमल्लप्पा मुकादम म्हणाला, पिऊन होता. दवाखान्यात चार माणसांनी रंभाबाईला विचारलं. ज्ञानू तेव्हा प्यायचाच. ती म्हणाली, "पिऊन गेलं असत्याल."

ज्ञानू खाटेवर पडून ऐकत होता. त्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. बुरुजाचा जिना विटा लावून बंद केला, त्यानंतर वर कुणी गेलं नाही. खालून पाहिलं तर नुसती भिंत दिसायची.

बलून किल्ल्यापासून लांब सरकू लागला.

"सायेब, त्या बुरुजावरनं घ्या."

"आजी, ह्याला स्टिअरिंग नसतंय. वारा नेईल तिकडं जायचं."

रंभाबाई काठाला धरून खाली बघत राहिली. शिवारात एक गुऱ्हाळ चालू होतं.

"त्यो धूर बघा," ती म्हणाली. "किल्ल्याकडं चाललाय. आपुन उलटं चाललोय. मंजी खालचा वारा येगळा हाय की न्हाय?"

उदयसिंहनं धुराकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"काय हाय त्या बुरुजावर?"

"मला बघायचंय."

त्यानं गरम हवा सोडायची वरची दोरी ओढली. बलून खाली येऊ लागला. बाभळींचे शेंडे दिसायला लागले तसा बर्नर पुन्हा पेटला. टोपली क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग हळूहळू मागं फिरली, धुराच्या वाटेनं. साबेरा मॅडमच्या बहिणीनं डोळे गच्च मिटून घेतले. रंभाबाईनं मान वळवली नाही.

तट जवळ आला. बुरूज पायाखाली आला.

वरती दगडांची अरुंद वाट होती. सगळे दगड आडवे, एकाला एक लागून बसलेले. त्यातला एकच कडेवर उभा होता. त्याच्या जागी काळं भोक पडलं होतं, एक माणूस जाईल एवढं. भोकाच्या तोंडाशी गंजलेला कोयता पडला होता.

"मॅडम, त्या दगडाचा फोटू काढा."

"कुठला?"

"उभा हाय त्यो. काढा, लवकर काढा."

साबेरा मॅडमनी तीन फोटो काढले. काय दिसतंय ते त्यांना कळलं नाही, पण रंभाबाईनं त्यांचा दंड इतका आवळून धरला होता की त्यांनी काही विचारलं नाही. बुरूज मागं गेला. सगळ्यांनी पुढं तळ्याकडं बघितलं, रंभाबाई मागंच बघत राहिली.

ऊस तुटून गेलेल्या रानात बलून उतरला. टोपली दोनदा आपटली, थोडी फरफटली आणि उभी राहिली. उदयसिंहनं सांगितल्याप्रमाणं रंभाबाई गुडघे वाकवून बसली होती. उठली तेव्हा एक गुडघा सोललेला होता. बांधावरून गाव पळत आलं. पोरंटोरं, बाया, म्हातारे. मोबाईल वर धरून सगळे टोपलीभोवती उभे राहिले.

"कापड खाली बसल्याबिगर कुणी उतरू नका," उदयसिंह ओरडला.

रंभाबाईनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. घरी ज्ञानूनं लगेच उचलला.

"अवो, मी बलूनमधी बसले हुते. त्यो बुरूज वरनं बघितला." "दगड उलटा हाय. तुमी खरं बोलत हुता. मीच खोटं बोलले."

फोन तुटला असं वाटून तिनं तो कानापासून लांब धरून बघितला. चालू होता.

"ऐकताय न्हवं?"

"कोण कोण हाय तितं?" ज्ञानूनं विचारलं.

तिनं मान वर केली. "सगळं गाव हाय. चनमल्लप्पा मुकादमबी हाय."

"मग मोठ्यानं बोल."