अंगवळणी

डॉक्टरीणबाई तिची गार बोटं हातात धरून बसल्या होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करता करता ती कोसळली होती. सोबतच्या बायकांनी उचलून इथे आणलं आणि घरी निरोप धाडला. सासू तशीच धावत आली.

काय खाता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर उत्तर सासूनंच दिलं. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, अंथरुणाला खिळला तेव्हा ती नवस बोलली होती, सून वर्षभर एकवेळच जेवेल. मुलगा केव्हाच खडखडीत बरा होऊन कामावर जायला लागला होता. पण देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? नवस एकीचा, उपास दुसरीला.

"आणि खरं सांगू का," सासू खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "ही चोरून खाते. आधी जरा वाळली, मग आहे तिथंच. एकवेळच्या जेवणावर अंग टिकतं होय?"

सुनेनं मान खाली घातली. ह्याच संशयापायी घरातल्या फडताळाला कुलूप लागलं होतं. नवराही काही बोलला नव्हता.

"चोरून खात नाहीत त्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एखाददुसरा दिवस उपास केला तर शरीर साठवणीतलं वापरतं. पण महिनोन्महिने पोटाला कमी आणि राबणं तेवढंच, मग ते काटकसर करतं. आतली चूल बारीक करतं. म्हणून हात गार, नाडी मंद, पाळी बंद. म्हणूनच वजनही हलत नाही. आता दोन्ही वेळ पोटभर जेवू द्या."

सुनेचे डोळे भरून आले. जेवणाचं राहू दे, कुणीतरी तिची बाजू घेतली होती. तिनं सासूकडे पाहिलं.

सासूनं पदरानं डोळे टिपून सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

"चुकले गं मी. उगाच आळ घेतला तुझ्यावर."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं सुनेला दंडाला धरून जपून उतरवलं. खाली आल्यावर जरा थांबली. तिचा चेहरा उजळला होता.

"थोडक्यात भागवायचं बळ देवानंच दिलंय तुला," ती म्हणाली. "आता धाकट्याच्या नोकरीसाठीही नवस बोलून टाकते."