हातभर लांब दोरा

मार्चच्या पहिल्या दिवशी डॅन्यूबकाठचं सगळं गाव एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतं, वर्षभर तब्येत ठणठणीत राहावी म्हणून. शेजारची त्सोन्काआजी दोरा घेऊन दारात आली, तशी नेवेनानं डाव्या हाताची बाही बोटांपर्यंत ओढली. “डावाच दे गं, काळजाकडचा.” “नको आजी, ओव्हनचा चटका बसलाय.” “गेल्या मार्चलाही चटकाच होता.” नेवेनानं बाही आणखी घट्ट धरली. तेवढ्यात आतून लेक धावत आली, शाळेत स्वतः वळलेला हातभर लांब दोरा नाचवत. आजी हसली, “अगं, हा काय वासराला बांधायचाय?” “बाईंनीपण विचारलं. मी म्हटलं, बाबांनी मारलं की आईचा हात सुजतो, छोटा दोरा पुरत नाही.” नेवेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “सगळ्या वर्गासमोर सांगितलंस?” तिनं कसंबसं विचारलं. “हो. मग अजून दोघींनी आपापले दोरे उलगडले आणि माझ्या दोऱ्याएवढे लांब वळले.”