गृहभेट बाकी

उम्म नाएफ, म्हणजे नाएफची आई, असं नाव सांगून आलेल्या बाईने कॉफीचा कप हातात घेतला आणि न पिता तसाच समोर ठेवून दिला.

पडद्याआड उभ्या असलेल्या नौफने ते फटीतून पाहिलं. पाहुण्याने कॉफी न पिता ठेवली म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय, हे करक गावातलं शेंबडं पोरही सांगेल. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो कप उचलला जात नाही. आणि ज्या घरात एकवीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी आहे, तिथे एक अनोळखी बाई भरदुपारी दुसरं काय मागायला येणार?

बाईचे आल्यापासूनचे प्रश्नही तसलेच होते. मुलगी नीट जेवते का? झोप लागते का? दिवसभर काय करते, कुणाशी बोलते? आईला तर हर्षवायू व्हायचाच बाकी होता. "आमच्या नौफने चार महिन्यांत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही हो," आई कौतुकाने म्हणाली. जनावरांच्या बाजारात दात बघावेत तसं चाललं होतं सगळं. नौफला रडू आवरेना.

चार महिने! तिसऱ्या वर्षापर्यंत सगळं सुरळीत होतं. समाजकार्य शिकायचं म्हणजे पुस्तकं आणि परीक्षा, एवढंच तिच्या बाबांना, अबू मुतलकना, ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी क्षेत्रकार्य आलं, तेही मुलींच्या सुधारगृहात. घरातून पळालेल्या, चोरीत सापडलेल्या मुली तिथे ठेवतात. बाबा एकदाच बोलले होते. पोरगी त्या फाटकातून आत गेली, तर शिकायला गेली की शिक्षा भोगायला, हे बघणाऱ्याला काय कळणार? त्या दिवसापासून विद्यापीठही बंद. क्षेत्रकार्य नाही तर पदवी नाही, हे तिने रडून सांगितलं, उपाशी राहून सांगितलं. बाबा ऐकून घ्यायचे आणि नमाजाला निघून जायचे.

दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र बाबा असे नव्हते. खुनापर्यंत गेलेले तंटे याच खोलीत मिटले होते. किती जणांनी इथे कप ठेवले असतील! बाबांनी शब्द दिला की दिला, आजवर कधी फिरवला नव्हता. फक्त घरातली माणसं पाहुणी नसतात. त्यांना कप ठेवता येत नाही.

निदान एक अहवाल तरी द्यावा म्हणून नौफ कागद घेऊन बसली होती. ज्याला मदत हवी तो सेवार्थी, आणि त्याचं नाव कागदावर घालायचं नाही, नुसतं अक्षर घालायचं, हा नियम. तिने लिहिलं, 'सेवार्थी न., वय एकवीस. घरात मारहाण नाही. जेवायला भरपूर. दार बंद.' चुलत बहिणीच्या हाती कागद विद्यापीठात पाठवला, तिथून अहवाल सुधारगृहात तपासायला जात. आठवड्याने तो परत आला. खाली कुणीतरी लाल शाईने लिहिलं होतं, 'गृहभेट बाकी. अहवाल अपुरा.' नौफला हसूच आलं. ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, त्या घराला भेट द्यायची तरी कशी?

"बोला, उम्म नाएफ," बाहेर बाबा म्हणाले. "कप का ठेवलात?"

"माझ्या घरासाठी मुलगी मागायला आलेय."

बाबांनी घराची चौकशी केली. मोठं आहे, माणसांनी भरलेलं आहे, बाई म्हणाली, आणि नौफचा हात लागला तर आणखी सुधारेल. बाईच्या घराण्याचं नाव ऐकून बाबा इतके खूश झाले होते की मुलगा काय करतो, हेही विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने लगेच मान हलवली.

"कॉफी प्या," बाबा म्हणाले. "मागितलंत ते दिलं."

नौफने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. संपलं सगळं. कुणी तिला एका शब्दाने विचारलंसुद्धा नव्हतं.

बाईने कप एका दमात रिकामा केला आणि आणखी नको म्हणून हलवून दाखवला.

"तुमचं घर भरलेलं राहो, अबू मुतलक," ती म्हणाली. "माझं घर म्हणजे मुलींचं सुधारगृह. मी तिथली प्रमुख. नौफ मला दर रविवारी आणि मंगळवारी हवी, आठ ते दोन."

आईचा हात तोंडावर गेला. बाबा कानापर्यंत लाल झाले. "मला वाटलं..." एवढंच ते बोलले आणि तिथेच थांबले. काय वाटलं ते सांगायची सोय नव्हती. शब्द गेला होता, कॉफीही पोटात गेली होती. त्यांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "दिलं म्हणजे दिलं."

उम्म नाएफ उठल्या. चपला घालण्याआधी पडद्यापाशी आल्या, पण पडदा बाजूला केला नाही.

"गृहभेट झाली," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या त्या सेवार्थीला सांग, रविवारी सातची बस चुकवायची नाही."