कुकवाची जागा

"माया सुनेचं कुकू कुठी गेलं ते सांग पहिले," पार्बताबाई म्हणाल्या आणि हातातली फ्रेम काउंटरवर आपटली.

बुढी अकोल्याहून एकटीच एसटीनं आली होती, अमरावतीच्या राजापेठेतला शेखरचा फोटो स्टुडिओ विचारत विचारत. लेकाची, सहदेवची तेरवी होऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

फ्रेममध्ये तिची सून होती, पौर्णिमा. काळापांढरा फोटो, नुसता चेहरा. कपाळ कोरं.

"त्या गुरुवारी सकाळी हा फोटो घरी आला. म्या उघडला न् म्हटलं, वं माय, हे कोणतं अपशकुनी! त्याच सांजच्याले चिखलदऱ्याहून फोन आला. दोघं नवरा-बायको फिराले गेलते. सहदेव पाय घसरून दरीत पडला." बाईंचा आवाज चिरकला. "तू माया सुनेचं कुकू पुसलं, बापू."

हेच त्या अकोलाभर सांगत होत्या. सहदेवच्या लग्नाचे फोटो शेखरनंच काढले होते, त्या ओळखीवर अकोल्याची तीन लग्नं मिळाली होती. तिन्ही हातची गेली. अशा माणसाला मांडवात कोण उभं करणार?

"मावशी, मी पुसलं नाही," तो म्हणाला. "रंगीत फोटो काळापांढरा करताना कॉम्प्युटरवर एकेका रंगाची पट्टी असते. लाल वर नेला की चेहरा उजळतो. पण कुकूही लालच ना! तेही उजळते न् कातडीत मिसळून जाते. मग मी ती जागा हातानं काळी करतो. दर बाईच्या फोटोत करतो. याच वेळेस राहून गेलं. चुकलं माझं."

चुकलं, हे तो मनापासून म्हणाला. शिकलासवरलेला माणूस, शकुन-बिकुन मानत नव्हता. पण तेरवीचा घास काही त्याच्या घशाखाली उतरला नव्हता.

त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी पौर्णिमा माहेरी, इथं अमरावतीत आलेली होती. स्कूटीवर आली, राजापेठेतल्या सगळ्या पोरींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळून. नुसते डोळे उघडे.

"लाइट लावू नोका, भाऊ. डोये दुखून राहिले," ती म्हणाली होती.

शेखरला तेच हवं होतं. त्याचा नवा कॅमेरा मिडियम फॉरमॅटचा, सेन्सर भला मोठा. कमी उजेडासाठी आयएसओ सहा हजार चारशेवर नेला तरी चित्र फाटत नव्हतं. त्यानं खिडकीचा पडदा अर्धा ओढला. सवयीनं व्ह्यूफाइंडरही काळापांढरा करून ठेवला. रंग दिसले की नजर भरकटते म्हणायचा. पौर्णिमा कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खुर्चीत पाठ फिरवून बसली, स्कार्फ सोडला, जरा वेळानं वळली. शेखरचं सगळं लक्ष तिच्या डोळ्यांवर.

"कायापांढराच करा. न् हनुवटीच्या खाली काही नोको," ती म्हणाली. "मले फक्त पाहाचं हाय, मी कशी दिसीन."

"दोन-चार काढू."

"एकच बस झाला."

मी येऊन घेऊन जाईन, असं तिनं बजावलं होतं. पण शेखरच्या अंगात नसता उत्साह. लग्नाच्या अल्बमवरचा अकोल्याचा पत्ता काढला आणि फ्रेम पार्सलनं धाडून दिली. सहदेव खूश होईल, एवढंच त्याच्या डोक्यात.

कालच पौर्णिमाचा फोन येऊन गेला होता. "बुढी येऊन राहिली तुमच्याकडं. तिले रंगीत फोटो दाखवू नोका, भाऊ. सुनेचं कुकू पाहून काळीज फाटन तिचं. मिटवूनच टाका तो."

बिचारी! स्वतःवर आभाळ कोसळलेलं, तरी सासूची काळजी, असं शेखरला वाटलं आणि त्यानं हो म्हटलं होतं.

"कुकू होतं ना तिच्या कपाळावर?" पार्बताबाई म्हणाल्या. "मंग दाखव मले. दिसलं तर म्या जिथं जिथं बोलली, तिथं तिथं जाऊन सांगीन, पोराचा दोष नाही म्हणून."

आता काय करणार? एकीकडे पौर्णिमाला दिलेला शब्द, दुसरीकडे पोटापाण्याचा धंदा. शेखरनं हार्ड डिस्क जोडली. मूळ फाइल मिटवायची राहून गेली होती, जशीच्या तशी होती. त्यानं बाईंना शेजारी बसवलं आणि फोटोतला काळापांढरा काढून टाकला.

रंग आले. मागची पिवळट भिंत आली, ओठ आले. कपाळ कोरंच.

त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा. भुवयांच्या मधे नुसते दाणे दाणे. लाल म्हणून कुठं ठिपका नव्हता.

"स्कार्फनं पुसलं असन," तो घाईनं म्हणाला.

"असन बापा. पण कुकवाबिगर माई सून घराचा उंबरठा वलांडत नाही."

खरंच तर! मग स्कार्फवर डाग असणार. स्कार्फ तिच्या मांडीवर होता. त्यानं फोटोचा खालचा, कापलेला भाग परत आणला. हनुवटीच्या खाली सगळा काळोख. पण हा कॅमेरा काळोखातूनही काढतो. शेखरनं सावल्यांची पट्टी हळूहळू वर नेली.

ज्वारीच्या पिठासारखे बारीक दाणे उठले. त्यातून आधी गळा आला, मोकळा. मग दोन्ही हात आले, मनगटं उघडी. मग मांडीवरचा स्कार्फ, डाग नसलेला, नीट चौघडी घातलेला. त्यावर हिरव्या बांगड्यांची चळत, आणि शेजारी गुंडाळून ठेवलेलं मंगळसूत्र.

फाइलखाली तारीख होती. त्याच सोमवारची, गुरुवारच्या तीन दिवस आधीची.

शेखरनं ती पुन्हा एकदा वाचली.

पार्बताबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पुढं वाकून फोटो बराच वेळ पाहिला. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आवाजातला राग पार गेला होता.

"हा तर आत्ताचा हाय, बापू," त्या म्हणाल्या. "मले सहदेव होता तवाचा दाखव."