घटपर्णींना पाणी कोण घालणार?

संग्राम आईला बंगळूरला राहायला बोलवायचा, पण वाघोलीतलं घर सोडणं शकुंतलाबाईंच्या जिवावर यायचं. शेवटी बाईंनी परसात खड्डा खणला, तळाशी प्लॅस्टिक अंथरलं, ओलं शेवाळ भरलं आणि त्यात किडे खाणाऱ्या घटपर्णी लावल्या.

"यांना रोज साठवलेलं पावसाचं पाणी घालावं लागतं रे. सोडून कशी येऊ?"

संग्रामने मग विषयच काढला नाही. बाई सुटल्या.

पुढं नात झाली, फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि बाईंना राहवेना. शेजारच्या नजमाला झाडं सोपवून त्यांनी बॅग भरली आणि मुलाला फोन लावला.

"संग्राम, मी येतेय. कायमची."



"अगं आई, आधी नाही का बोलायचंस? तुझी खोली कालच सासूबाईंना दिली."