बारावा वाटा

हलीमाबी मेथीची कढई घासायला बसली होती, तेवढ्यात मनकर्णा दारात आली. सकाळी टोपली देऊन गेली तीच ही बाई. आता तिचा चेहरा उतरला होता आणि खांद्यावर मेथीनं भरलेलं पोतं होतं.

"मेथी रांधली काय, बीबी?"

हलीमाबीनं हातातली कढई दाखवली. मनकर्णा उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसली.

मग तिनं सांगितलं. शेजारच्या शेतात काल संध्याकाळी कपाशीवर कसल्याशा नव्या औषधाचा फवारा मारला होता. वारा तिच्या मळ्याकडे होता. तिला ते आज कळलं, बांधाजवळची मेथी खाऊन शेळी पाय झाडत पडली तेव्हा. तेव्हापासून ती बाळापुरात घरोघर फिरत होती. अकरा घरांतल्या जुड्या परत मिळाल्या होत्या. कुणी त्या पायाशी फेकल्या, कुणी पुन्हा दारात येऊ नको म्हणून बजावलं.

हे बारावं घर. मनकर्णाच्या मळ्यात वाटा घ्यायचा म्हणजे हंगामभर दर मंगळवारी जे निघेल ते टोपलीभर घरी येणार. बाजारात जाऊन निवडायचं नाही, नाक मुरडायचं नाही. हलीमाबीच्या नवऱ्याला, उस्मानला, हे पटलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी भाजी घेत नाही, असं तो म्हणाला होता. तिनं त्याला न विचारताच शब्द दिला. आजची टोपली पहिलीच होती.

हलीमाबीचा स्वतःचा रमजानमधला राहून गेलेला रोजा होता, म्हणून तिनं काही खाल्लं नव्हतं. उस्माननं मात्र नऊच्या सुमारास दोन भाकरी मेथीबरोबर खाल्ल्या होत्या आणि तो आत मागावर सतरंजी विणत बसला होता.

दोघींनी त्याला सांगितलं. तो उठला. मागच्या अंगणात जाऊन मिठाचं पाणी प्याला, ओकला, तोंड पुसून पुन्हा मागावर बसला. मनकर्णा वाटेत दवाखान्यातही जाऊन आली होती. डॉक्टर अकोल्याला गेले होते. कंपाउंडर म्हणाला होता, खाल्ल्यावर चार तास निघाले तर भीती नाही; त्याआधी झटका आला तर मिळेल त्या गाडीनं अकोला गाठा.

चार तास म्हणजे एक वाजता होणाऱ्या दुपारच्या अजानपर्यंत.

दोघी ओसरीत बसून राहिल्या. आतून ठक ठक असा आवाज येत होता. उस्मान पंजानं, म्हणजे लोखंडी फणीनं, धागा ठोकत होता. मधे धागा बदलायला तो थांबला की हलीमाबीचा श्वास अडकायचा. पुन्हा ठक झालं की सुटायचा. एकदा ती मनकर्णाकडे न बघताच म्हणाली, "गप राहिली असती तर कोनाले समजलं असतं?"

"मले समजलं होतं ना," मनकर्णा म्हणाली.

त्यानंतर आवाज थांबला. दोघी वाट बघत राहिल्या. तो पुन्हा आला नाही. हलीमाबी जागची उठली नाही. शेवटी मनकर्णा उठली आणि परक्या घराच्या त्या खोलीत शिरली.

उस्मान मागावर ताठ बसला होता. पंजा हातात तसाच, मान खिडकीकडे.

"अजान झाली काय?" त्यानं विचारलं.

"अजून नाई," मनकर्णा म्हणाली. थोड्या वेळानं मशिदीतून अजान ऐकू आली. ती पूर्ण होईपर्यंत तो हलला नाही. मग मागावरून उतरला. भिंतीला धरून तो हातपाय धुवायला गेला. हलीमाबी ओढणीत तोंड घालून रडली.

मनकर्णानं पोतं खांद्यावर घेतलं. ती पायरी उतरली तेव्हा कुठे हलीमाबीला सुचलं.

"तुया घरी कोनं खाल्ली?"

"घरचे कालपासून अकोल्याले हायेत," मनकर्णा म्हणाली. "मीच खाल्ली."

"कवा?"

"टोपल्या वाटून घरी गेली. दहाची यष्टी गेली, मंग जेवली मी. शेळी त्याच्यानंतर पडली."

अकरा दारांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं.

हलीमाबीनं तिच्या खांद्यावरचं पोतं ओढून खाली टाकलं. मनगट धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, मिठाच्या पाण्याचा गडू पुढे ठेवला आणि तिच्या तोंडासमोर, अगदी जवळ बसली.

"पी अन् बस इथंच," ती म्हणाली. "तुले अजून एक तास बाकी हाय."